कुळागरासाठी मोटरची तीनचाकी घरी बांधायची तर: आधी हँडल आणि ब्रेक, मोटर शेवटी

पाडेली येऊन नारळ पाडून जातो आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. बागभर विखुरलेले नारळ गोळा करून रस्त्यापर्यंत आणायला आता माणूस मिळत नाही. टेंपो आत शिरत नाही आणि एकचाकी ढकलगाडी चढावर दम काढते. गोव्यात फोंड्याकडे सावईवेरे, केरी असो की डिचोली-सत्तरीतली कुळागरं (माड-पोफळीच्या बागा), अडचण सगळीकडे तीच आहे. म्हणून बरेच जण मोटर लावलेली तीनचाकी घरीच बांधायचा बेत करतात. मी ती बांधून वापरतो आहे. हे काम जमण्यासारखं आहे, पण क्रम चुकला तर ते जिवावर बेतू शकतं.

बहुतेक जण आधी मोटर विकत घेतात. मग तिच्याभोवती सांगाडा उभा राहतो आणि ब्रेकचा विचार शेवटी, उरलेल्या जागेत होतो. या लेखातला क्रम नेमका उलटा आहे. गाडी आधी सरळ वळली पाहिजे, भरलेली असताना उतारावर थांबली पाहिजे, आणि हे दोन्ही सिद्ध झाल्यावरच तिला मोटरची वायर जोडायची.

१. गाडी कुठे चालवणार ते आधी ठरवा

घरी बांधलेली मोटरची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणी (कलम ३९) आणि विमा (कलम १४६) दोन्ही लागतात. नोंदणीसाठी त्या गाडीच्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते आणि एकट्या माणसाला ती मिळवणं परवडत नाही.

'२५० वॉटच्या खाली असेल तर काही लागत नाही' हे तुम्हाला चार जण सांगतील. ते अर्धंच खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या गाडीसाठी सवलत आहे: मोटरची ३० मिनिटांची शक्ती (म्हणजे सलग अर्धा तास देऊ शकेल ती) २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ती मोटार वाहन धरली जात नाही. पण हे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं. मोटरवर लिहिलेला आकडा दाखवून सुटका होत नाही.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. अनेक कुळागरांच्या मधून पंचायतीचा रस्ता जातो, आणि अलीकडून पलीकडे जायला फक्त दहा पावलं तर ओलांडायची असतात. कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. त्यात ती दहा पावलं येतात, देवळाकडची वाट येते आणि फेरीबोटीचा धक्काही येतो. तेव्हा पुढचं सगळं स्वतःच्या कुंपणाच्या आतल्या गाडीबद्दल आहे असं धरून वाचा. रस्ता ओलांडायचाच असेल तर मोटर बंद करून, खाली उतरून गाडी ढकलत न्या.

गाडी दिव्यांग व्यक्तीसाठी हवी असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की घरी बांधू नका. कानपूरची एलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी बॅटरीवरच्या तीनचाकी बनवते आणि ॲडिप योजनेतून पात्र व्यक्तींना त्या मिळतात. आधी त्याची चौकशी करा.

२. सामान आणि कागद

सगळं सामान एकदम आणू नका. पहिल्या खेपेला एवढं पुरे:

- ई-रिक्षाचा पुढचा फोर्क, त्याची टी (फोर्कचे पाय वर धरणारा जोड), कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या आणि छर्रे), १२ इंची पत्र्याची रिम आणि ड्रम ब्रेक
- ई-रिक्षाचा मागचा ॲक्सल, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि दोन्ही बाजूंच्या ड्रम ब्रेकसह
- दोन पाटे (लीफ स्प्रिंग) आणि त्यांचे यू-बोल्ट
- ५० × ५० × २ मि.मी. आणि ४० × ४० × २ मि.मी. चौकोनी काळा पाइप, ५ मि.मी. जाड पट्टी
- ब्रेकच्या केबल, रॉड, पायाचं पेडल, रिटर्न स्प्रिंग
- ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे), स्प्लिट पिना
- ग्राइंडर, ड्रिल, ओळंबा, काटकोन्या, सुतळी, मोजपट्टी

फोर्क आणि ॲक्सल ई-रिक्षाचेच का, याची कारणं पुढे येतील. हे सुटे भाग गोव्यात एका जागी मिळाले नाहीत तर चोर्लामार्गे बेळगावला किंवा कोल्हापूरला जा आणि हाताने उचलून, बघून घ्या. ॲक्सल फोटो बघून मागवू नका. दोन टोकांमधली लांबी स्वतः मोजा. माझ्या वाटा अरुंद म्हणून मी मागच्या दोन चाकांमधलं अंतर ९०० मि.मी. ठेवलं. जागा असेल तर हजार ठेवा, गाडी तेवढी स्थिर होते.

भंगारातल्या मोपेडचं किंवा मोटारसायकलचं पुढचं धूड कापून आणायचा मोह होतो, कारण ते स्वस्त पडतं. पण पुष्कळ गाड्यांचा चेसिस नंबर नेमका हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. तो तुकडा तुमच्या अंगणात सापडला आणि कागद नसला तर चोरीच्या मालाचा संशय येतो. घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याचं बिल, आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेऊनच घ्या. सुट्या भागांची बिलंही एका फाइलीत ठेवा.

३. पुढे एक चाक की दोन?

दोन चाकं पुढे आणि एक मागे अशी रचना वळणावर आणि ब्रेक लावताना जास्त स्थिर असते, हे खरं आहे. पण तिला दोन वळणारी चाकं, दोन किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते खुंट), दोन्ही चाकांना जोडणारा मधला टायरॉड आणि त्या सगळ्यांचे कोन बिनचूक लागतात. पहिल्यांदा बांधणाऱ्याने त्यात पडू नये. शिवाय आपलं ओझं मागे हौद्यात असतं, म्हणजे वजन मागच्या दोन चाकांवर. म्हणून एक चाक पुढे, दोन मागे.

या रचनेची मर्यादा मात्र समजून घ्या, कारण याच ठिकाणी माणसं पडतात. दुचाकी वळताना कलते, तीनचाकी कलत नाही. वळणावर तिला बाहेर उलटवणारा जोर आणि तिला खाली धरून ठेवणारं वजन यांची सरळ ओढाताण असते. पुढच्या चाकापासून मागच्या ॲक्सलपर्यंत १३०० मि.मी., मागची चाकं ९०० मि.मी. दूर, माणूस आणि ओझं धरून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मि.मी. उंच आणि लांबीच्या ७० टक्के मागे आहे असं धरा. ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी हिशेबाने ताशी २२ किलोमीटरला उलटायला येते. ओझं उंच रचून गुरुत्वमध्य ८५० वर नेला की हाच आकडा १९ होतो. आणि ओझं खाली असलं तरी त्याच वळणात मध्यम जोराने ब्रेक दाबला की वजन पुढच्या एकट्या चाकाकडे सरकतं आणि २२ चे २० सुद्धा राहत नाहीत.

हे आकडे सपाट, कोरड्या जमिनीचे आहेत. आपल्या वाटेवर एक चाक पाटाच्या कडेला खाली गेलेलं असतं, दुसरं माडाच्या मुळावर चढलेलं असतं. म्हणून वळणावर ताशी १० च्या वर जाऊ नका. ब्रेक वळणाच्या आधी लावून मग वळा.

बांधतानाचा नियम त्यातूनच निघतो: सगळं जड सामान खाली आणि मागच्या ॲक्सलजवळ. सीट जमिनीपासून ४५० मि.मी.च्या वर नको. हौद्याचा तळ ॲक्सलच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्या, आणि त्याच्या बाजू मुद्दाम कमी उंचीच्या ठेवा, म्हणजे कामगार हौसेने नारळ वर रचणार नाहीत.

४. सांगाडा

खिडक्यांचं ग्रील करणाऱ्या वेल्डरकडे काम द्यायचं असेल तर आधी त्याच्याशी बोला. ग्रीलला टाके चालतात, गाडीला पूर्ण शिवण लागते. ग्रीलचा पाइप १.२ मि.मी.चा असतो, आपल्याला २ मि.मी. लागतो. आणि गंजाला घाबरून जीआय पाइप वापरू नका. त्याच्यावरच्या जस्ताने वेल्डिंग पोकळ होतं आणि धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. काळाच पाइप घ्या आणि नंतर नीट रंगवा.

मुख्य दोन दांडे ५० च्या पाइपचे, आडवे ४० चे. मागचा ॲक्सल दांड्यांना पाट्यांवरून यू-बोल्टने लावा, थेट वेल्ड करू नका. ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग केलं की ती उष्णतेने वाकते आणि आतली बेअरिंग लवकर जातात.

ॲक्सल बसवल्यावर आणि मान (हँडलची नळी) पक्की करायच्या आधी दोन कर्ण मोजा. मानेच्या मध्यापासून डाव्या ड्रमपर्यंत आणि उजव्या ड्रमपर्यंतच्या अंतरात ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर गाडी कायम एका बाजूला ओढणार. नंतर हँडल वाकवून ते सुधारत नाही.

वेल्डिंग तपासायची जुनी गॅरेजची रीत वापरा. शिवणीवर रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ थांबा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. मानेच्या भोवती, पाट्यांच्या कड्यांवर आणि ब्रेक पेडलच्या खुंटीवर ही तपासणी कराच. रेघ दिसली तर वरून थर चढवू नका. ग्राइंडरने ती शिवण पूर्ण काढून पुन्हा भरा.

५. हँडल

सायकलचा फोर्क कधीही लावू नका. दुचाकी वळताना झुकते, त्यामुळे तिच्या चाकावर जोर उभ्याच दिशेने राहतो. तीनचाकीचं पुढचं चाक उभंच राहतं आणि सगळा जोर त्याला आडवा बसतो. सायकलची आऱ्यांची रिम त्यात आठाच्या आकड्यासारखी वाकते आणि फोर्कचे पाय फाकतात. ई-रिक्षाचा फोर्क याच आडव्या जोरासाठी केलेला असतो, म्हणून पत्र्याच्या रिमसह तोच घ्यायचा.

आता मानेचा कोन. मानेच्या नळीची मधली रेषा खाली जमिनीपर्यंत लांबवली तर ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या पुढे पडली पाहिजे. मधलं हे अंतर ६० ते ८० मि.मी. असलं की चाक आपोआप सरळ राहू पाहतं आणि हँडल फार जडही होत नाही. रेषा टेकण्याच्या बिंदूच्या मागे पडली तर चाक थरथरायला लागतं आणि हात सैल पडताच एका बाजूला पडतं. अशी गाडी कुणाच्याही हातात देऊ नये.

मोजायची रीत सोपी आहे. मानेच्या बाजूने सरळ पट्टी धरून खाली जमिनीवर खूण करा. पुढच्या चाकाच्या ॲक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. पट्टीची खूण ओळंब्याच्या खुणेच्या पुढे यायला हवी. हे सगळं टायर हवा भरून लावलेले आणि मागे अंदाजे ओझं ठेवलेलं असताना करा. पुष्कळ जण सांगाडा विटांवर ठेवून मान वेल्ड करतात. नंतर खरी चाकं लागली, मागचे पाटे दबले, की मागची बाजू खाली बसते आणि कोन बदलतो. त्यामुळे आधी मानेला फक्त चार टाके मारा, चाकांवर उभी करून मोजा, मग पूर्ण शिवण. मानेच्या खाली दोन्ही बाजूंना ५ मि.मी. पट्टीचे त्रिकोणी आधार द्या. सगळ्यात जास्त पीळ इथेच बसतो.

कोनसेट बसवताना घाई नको. वरचा नट आवळून मग किंचित मागे घ्या. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल दोन बोटांनी अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध कुठेतरी टक्‌ करून अडकल्यासारखं वाटलं तर आतली वाटी वाकडी बसली आहे किंवा छरऱ्यांनी तिच्यात खड्डे पाडले आहेत. मग फोर्कचे पाय खाली धरून पुढे-मागे हलवा. खडखड झाली तर नट सैल आहे. दोन्ही नकोत. हँडल सरळ असतानाचा तो सूक्ष्म अडकाव वाळवंटासारख्या मोकळ्या जागी जाणवत नाही, पण अरुंद वाटेवर गाडीला सतत डावी-उजवीकडे न्यायला लावतो.

हँडलच्या दोन्ही बाजूंना अडथळे लावा, म्हणजे चाक ३० ते ३५ अंशांपेक्षा जास्त वळणार नाही. मागे घेताना याचं महत्त्व कळतं. उलट्या दिशेला चाक स्वतःहून पूर्ण आडवं व्हायला बघतं, हँडल हातातून हिसकलं जातं आणि गाडी कोपऱ्यावर उभी राहते. रिव्हर्स नेहमी चालत्या माणसाच्या वेगाने.

सीट मागे गेली म्हणून हँडलला पाइप जोडून लांब करू नका. सीट पुढे आणा. हँडलचे क्लॅम्प दोन हवेत, एकावर भिस्त नको. प्रत्येक नट नायलॉक, आणि आवळून झाल्यावर नटावर व बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

६. ब्रेक

दोन वेगळ्या यंत्रणा हव्यात, एक निकामी झाली तरी दुसरीने गाडी थांबेल अशा. मागचे दोन ड्रम पायाच्या पेडलवर, पुढचा ड्रम उजव्या हाताच्या लिव्हरवर. तिसरी गोष्ट पार्किंगची: मागच्या ब्रेकला दातऱ्यांची लिव्हर, जी भरलेली गाडी चढावर माणसाशिवाय धरून ठेवेल. मोटरचा रीजनरेटिव्ह ब्रेक (मोटरच गाडीला अडवून वीज बॅटरीत परत भरते तो) यात मोजू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तो नीट लागत नाही, आणि वायर तुटली की अजिबात नाही.

मागच्या दोन ड्रमना सारखा जोर पोचणं हा सगळ्या कामाचा गाभा आहे. पेडलच्या रॉडला दोन केबल थेट बांधल्या तर ज्या बाजूची केबल थोडी ताणलेली, ते चाक आधी धरतं, आणि चिऱ्याच्या लाल धुळीवर गाडी त्या बाजूला फिरते. उपाय साधा आहे. १०० मि.मी. लांबीची एक जाड पट्टी घ्या, तिच्या बरोबर मध्याला रॉड एका पिनेवर मोकळा जोडा आणि दोन टोकांना दोन केबल. एक केबल आधी ताणली गेली की पट्टी कलते आणि दुसरीला जोर मिळतो. पट्टीच्या हालचालीला आड येणारं आसपास काही नको. ती कलली की कुठे टेकत नाही ना, हे पेडल पूर्ण दाबून बघा.

पेडलची लांबी खुंटीपासून २०० मि.मी. आणि रॉडचा जोड खुंटीपासून ५० मि.मी. ठेवला तर पायाचा जोर चौपट होतो. पायाने २० किलो दाबलं की पट्टीवर ८० आणि प्रत्येक केबलला ४० किलो, त्यातला थोडा घर्षणात जातो. एवढा जोर पुरतो. पेडलला लांबी देऊन जोर आणखी वाढवायचा प्रयत्न केला तर पेडल जमिनीला टेकतं पण शू (ड्रमला आतून घासून अडवणारा अर्धगोल तुकडा) ड्रमला पोचत नाही.

ड्रमवरची लिव्हर कशी बसते तेही बघा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि लिव्हर यांच्यात काटकोन असावा. त्याच्या पलीकडे गेली की दाबलेला जोर वाया जातो. नवीन शू असताना लिव्हर काटकोनाच्या थोडी अलीकडे राहिली पाहिजे, म्हणजे झिजत जाईल तशी ती काटकोनाकडे येईल.

आता एक बारीक पण घातक चूक. पेडल सांगाड्याला असतं आणि ड्रम ॲक्सलला. ओझं भरलं की पाटे दबतात आणि ॲक्सल सांगाड्याकडे वर येतो. मधला दुवा ताठ रॉडचा असेल तर भरलेल्या गाडीत ब्रेक आपोआप ओढला जातो किंवा सैल पडतो. म्हणून पट्टीपासून ड्रमपर्यंत कव्हरची केबल वापरा, तिला ॲक्सलजवळ मोठं, मोकळं वळण द्या, आणि ब्रेकची शेवटची जुळवणी हौद्यात पूर्ण ओझं ठेवून करा. रिकाम्या गाडीवर लावलेला ब्रेक भरलेल्या गाडीचा नसतो.

केबलचं वरचं तोंड कधीही आकाशाकडे ठेवू नका. आपल्या पावसात ते नळी भरून घेतं आणि गणपतीपर्यंत आतली तार गंजून अडकते. तोंड खालच्या बाजूला वळवा किंवा रबराची टोपी घाला.

जुळवणी झाली की मागची दोन्ही चाकं ठोकळ्यांवर उचला. एकाने पेडल हळू दाबत जावं, दुसऱ्याने दोन्ही चाकं हाताने फिरवत राहावं. दोन्ही एकाच वेळी जड व्हायला लागली पाहिजेत. सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. सोडल्यावरही एकच चाक जड लागलं तर त्या बाजूचा शू घासतो आहे.

७. मोटरशिवाय चाचणी

मोटर अजून जोडलेली नाही. आता हौद्यात वाळूच्या पिशव्या भरा, जेवढं ओझं रोज नेणार त्याहून थोडं जास्त. दगड भरू नका, उलटली तर अंगावर येतात.

पहिली चाचणी ढकलत. एकाने हँडल धरावं, दोघांनी ढकलावं, आणि मोकळ्या जागेत आठचा आकडा काढावा. चौथ्याने बाजूने बघत राहावं की आतलं मागचं चाक कुठे हलकं होतं का. या वेगात ते उचललं गेलं तर गाडी पुढच्या पायरीला योग्य नाही. हौद्याचा तळ खाली आणा किंवा चाकं रुंद करा.

दुसरी चाचणी उतारावर. साधारण १ मीटर उंचीवरून सोडलेली गाडी खाली येईपर्यंत ताशी १५ किलोमीटरच्या आसपास जाते. खाली पुरेशी सपाट, मोकळी जागा हवी, समोर माड, विहीर किंवा बांध नको. हेल्मेट घाला. सुरुवात हातभर उंचीवरून करा. कोरड्या, घट्ट जमिनीवर ताशी १५ वरून गाडी ब्रेक लागल्यापासून ३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. आधी फक्त पायाच्या ब्रेकने, मग दोन्हींनी. हातच्या एकट्या ब्रेकने लवकर थांबण्याची अपेक्षा नको, पण गाडी थांबलीच पाहिजे.

थांबल्यावर खाली उतरून मागच्या चाकांच्या खुणा बघा. एक खूण लांब आणि दुसरी आखूड असेल तर पट्टी किंवा केबल पुन्हा तपासा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, त्यामुळे इथे जमलं म्हणून ३० ला जमेल असं धरू नका. या गाडीला ३० ची गरजच नाही.

तिसरी चाचणी: तुमच्या बागेतल्या सगळ्यात खड्या चढावर भरलेली गाडी पार्किंगच्या लिव्हरवर उभी करा, चाकामागे दगड हाताशी ठेवा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. बोटभरही सरकली तर लिव्हरचा ताण वाढवा.

हे तिन्ही झाल्याशिवाय पुढचा भाग वाचायची घाई करू नका.

८. मोटर आणि बॅटरी

किती वॉट हवेत याचा हिशेब स्वतः करा. गाडी, माणूस, ओझं मिळून २०० किलो. १२ मीटरला १ मीटर चढ. नुसतं वर चढायला आणि मातीतल्या घर्षणासाठी मिळून साधारण २० किलोचा जोर लागतो. २५० वॉटची मोटर या चढावर ताशी जेमतेम साडेचार किलोमीटरने जाईल, आणि तेही तापत. ताशी १० ने जायचं तर ५५० वॉट चाकापर्यंत पोचले पाहिजेत. म्हणून ई-रिक्षाच्या ॲक्सलवर बसणारी ४८ व्होल्टची ८५० ते १००० वॉटची बीएलडीसी (कार्बन ब्रश नसलेली डीसी) मोटर आपल्या चढांना योग्य. वेग मात्र कंट्रोलरमधून (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) ताशी १५ वर बांधून टाका. बहुतेक कंट्रोलरना त्यासाठी वेगळी वायर असते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, बीएमएससह (सेल जपणाऱ्या सर्किटसह) घ्या. ई-रिक्षाच्या चार लीड-ॲसिड बॅटऱ्या मिळून शंभर किलोच्या पुढे जातात, म्हणजे नारळांची जागा बॅटरीच खाते. चार्जर त्याच पॅकचा हवा: १६ सेलच्या पॅकला ५८.४ व्होल्टचा. लीड-ॲसिडचा चार्जर चालतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात डीसीचा फ्यूज लावा, कंट्रोलरच्या कमाल अँपिअरपेक्षा थोडा जास्त. घरातल्या बोर्डाचा एमसीबी इथे चालत नाही. तो एसीसाठी असतो आणि डीसीची ठिणगी त्याला तोडता येत नाही. डाव्या हाताशी, बसल्या जागेवरून पोचेल असा मोठा लाल बंद करायचा स्विच हवा. दोन्ही ब्रेकना स्विच लावून ते कंट्रोलरच्या ब्रेक वायरला जोडा, म्हणजे ब्रेकला हात किंवा पाय लागताच मोटर बंद होईल.

पिळायचा ॲक्सिलरेटर टाळा. खड्ड्यात धक्का बसून माणूस मागे गेला की हात आपोआप मूठ पिळतो आणि गाडी आणखी जोरात सुटते. अंगठ्याने दाबायचा घ्या, तो सोडला की बंद.

पहिल्यांदा चालू करताना मागची चाकं ठोकळ्यांवर असू देत. कधीकधी हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या) वायरी उलट्या लागतात आणि मोटर झटके मारते किंवा उलटी फिरते. ते जमिनीवर कळण्यापेक्षा हवेत कळलेलं बरं.

९. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

मे महिन्यात तिन्ही ड्रम उघडून लाल माती ब्रशने काढा. वाऱ्याच्या झोताने उडवू नका, ती धूळ नाकात जायला नको. लायनिंग (शूवरचा घासणारा थर) २ मि.मी.च्या खाली गेलं असेल तर शू बदला, नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. कॅमच्या (शू फाकवणाऱ्या) दांडीला अगदी थोडं ग्रीस, लायनिंगला एक थेंबही नाही. पाइपांना खालच्या बाजूला ६ मि.मी.ची भोकं पाडलेली नसतील तर पाडा, आतलं पाणी निघून जाईल. रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर रंग, आणि जिथे खरवडलं असेल तिथे पुन्हा.

ड्रम पाण्यातून गेला की पहिल्या दाबाला ब्रेक धरत नाही. ओढा किंवा तुंबलेली वाट ओलांडल्यावर सपाटीवरच, हळू चालत, पेडल हलकं दाबून ठेवा आणि ब्रेक पुन्हा धरतो आहे असं पायाला कळेपर्यंत उतारावर उतरू नका. पाणी ॲक्सलच्या मध्यापर्यंत येत असेल तर त्या दिवशी गाडी गोठ्यातच राहू द्या.

रोज सकाळी निघताना पेडल, हातचा ब्रेक, रंगाच्या रेघा आणि टायरची हवा बघा. दुसऱ्या कुणाला चालवायला देणार असाल तर त्याला आधी मोटर बंद असताना उतारावर थांबवून दाखवायला लावा, आणि किल्ली त्यानंतर द्या.